अ‍ॅशबी मॅग्ना आणि महुडे बुद्रुक

भोर तालुक्याच्या पूर्वेकडचे भोंगवली घ्या किंवा वेल्ह्याच्या डोंगरातली एखादी वाडी घ्या, सातबाऱ्याचा कागद सगळीकडे सारखाच असतो. तो वाचताना आपण परकी भाषा वाचतो आहोत असे कोणाही शेतकऱ्याला वाटत नाही. पण एकदा केवळ शब्दांची कुळी तपासत तो वरून खालपर्यंत वाचून पाहावा. ‘गाव’ हा संस्कृत ‘ग्राम’पासून प्राकृतात झिजत झिजत आलेला शब्द, त्याला खेटून छापलेला ‘नमुना’ फारसी. ‘जिरायत’ मुळात अरबी, फारसीच्या वाटेने इकडे आलेला; ‘बागायत’ फारसी. ‘पोटखराब’मधले पोट आपले, खराब अरबी. ‘भोगवटादार’मध्ये भोगवटा देशी आणि मागचा ‘दार’ फारसी. ‘इतर अधिकार’ सरळ संस्कृत. क्षेत्राच्या रकान्यातले हेक्टर आणि आर ही फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ठरलेली मापे, आपल्याकडे इंग्रजीतून आलेली. एका पानावर इतक्या भाषांची ये-जा असताना हा कागद मराठी ठरतो तो कशाच्या जोरावर? शब्द मोजून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते मिळते वाक्य कोण बांधतो आणि नोंद कोण ठेवतो हे पाहिल्यावर. आणि हे नीट उमगण्यासाठी मराठीच्या शेजारी जी भाषा ठेवून पाहावी ती संस्कृतही नव्हे, हिंदीही नव्हे, ती इंग्रजी. आजची जगभर पसरलेली इंग्रजी नव्हे, तर हजार वर्षांपूर्वी स्वतःच्याच मुलखात मागच्या दाराशी जाऊन बसलेली अँग्लो-सॅक्सन लोकांची इंग्रजी.

इसवी सन ४१०च्या सुमारास रोमन सत्तेने ब्रिटन सोडले. पुढच्या दीड-दोन शतकांत समुद्रापलीकडून, म्हणजे आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यांवरून, अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोक टप्प्याटप्प्याने येत राहिले. जॅरोच्या मठातल्या बीड नावाच्या भिक्षूने ७३१ साली लॅटिनमध्ये इतिहास लिहिला; त्यात हे आगमन ४४९च्या आसपास धरले आहे. अँगलांची भूमी ते इंग्लंड. ससेक्स, एसेक्स आणि वेसेक्स ही अनुक्रमे दक्षिणेकडच्या, पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या सॅक्सनांची राज्ये. हे लोक बोलत ती भाषा आपल्या भाषेची दूरची नातलग होती. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून निघाल्या असाव्यात असे सांगितले, आणि १८२२ साली याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांतले ध्वनी कोणत्या नियमाने बदलले ते दाखवले: जिथे आपल्याकडे ‘प’ तिथे त्यांच्याकडे ‘फ’, जिथे आपल्याकडे ‘द’ तिथे ‘ट’. म्हणून पाय आणि फूट, दात आणि टूथ, दोन आणि टू. शेतकऱ्याला यापेक्षा जवळचा पुरावा हवा असेल तर बैलाच्या मानेवरचे ‘जू’ आणि इंग्रजीतला ‘योक’ एकाच घरचे आहेत, गाडीचा ‘आस’ आणि ‘अ‍ॅक्सल’, ‘गाय’ आणि ‘काऊ’, ‘दार’ आणि ‘डोअर’ हेही. जुन्या इंग्रजीत मराठीसारखी तीन लिंगे होती, विभक्तीचे प्रत्यय होते. आणि गंमत अशी की ज्या शब्दापासून आजचा ‘वाइफ’ झाला तो नपुंसकलिंगी होता. कोकणात ‘ते चेडू’ म्हणणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही.

या लोकांनी एक गोष्ट फार लवकर केली. केंटचा राजा एथेलबर्ट याने सन ६००च्या सुमारास कायदा लिहवून घेतला तो स्वतःच्या भाषेत. युरोप खंडावरचे त्यांचे भाऊबंद तेव्हा आपले कायदे लॅटिनमध्ये लिहीत होते. या कायद्यात देहाच्या प्रत्येक इजेचा दर ठरवून दिला आहे: अंगठा तोडला तर २० शिलिंग, समोरच्या चार दातांपैकी एक पाडला तर ६ शिलिंग. वाचायला विचित्र वाटते, पण खुनाला खून ही प्रथा थांबवून भांडण पैशात मिटवण्याचा तो व्यवहारी मार्ग होता, आणि तो दर ज्याला द्यायचा-घ्यायचा आहे त्याला वाचून दाखवला की समजत होता. पुढे साडेचारशे वर्षे दानपत्रे, मृत्युपत्रे, कायदे, वर्षवार नोंदी यांतला मोठा भाग इंग्रजीत लिहिला गेला. परक्या राजवटीचा घाव बसण्याआधी भाषेला कागदाची इतकी सवय झालेली होती.

इथे एक आडवा प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अँग्लो-सॅक्सन येण्यापूर्वी ब्रिटनमध्ये केल्टिक भाषा बोलणारे लोक होतेच. त्यांची भाषा इंग्लंडमधून इतकी पुसली गेली की टेम्स, एव्हन अशी नद्यांची नावे आणि मोजके शब्द एवढेच मागे राहिले. मग १०६६मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले तेव्हा इंग्रजीही अशीच का पुसली गेली नाही? दोन्ही वेळा जिंकणारा परकाच होता. फरक येण्याच्या रीतीत आहे. सॅक्सन लोक बायकामुले आणि नांगर घेऊन आले, त्यांनी गावेच्या गावे वसवली. २०२२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातही दिसले की त्या काळातल्या पूर्व आणि दक्षिण इंग्लंडच्या दफनांतील माणसांचा सुमारे तीन-चतुर्थांश वारसा उत्तर समुद्रापलीकडचा होता. नॉर्मन मात्र फार तर काही हजार होते. त्यांनी राजवाडे, मठ आणि जमिनींची मालकी घेतली. नांगर धरणारा, दूध काढणारी, अंगाई म्हणणारी माणसे बदलली नाहीत. भाषेचा ताबा गढीवरून घेता येत नाही, त्यासाठी शेत आणि चूल ताब्यात यावी लागतात. केल्टिकच्या बाबतीत ती गेली होती, इंग्रजीच्या बाबतीत गेली नाही.

तरीही नॉर्मनांचा तडाखा हलका नव्हता. १४ ऑक्टोबर १०६६ला हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरल्ड पडला, आणि एका पिढीत इंग्लंडचा सरदारवर्ग जवळजवळ संपूर्ण बदलला. १०८६ची ‘डोम्सडे बुक’ ही प्रचंड महसुली पाहणी झाली ती लॅटिनमध्ये. दरबार आणि पुढे न्यायालये फ्रेंचमध्ये बोलू लागली; जज, ज्युरी, कोर्ट, प्रिझन हे सगळे शब्द त्याच वाटेने आले. मेंढी राखणाऱ्याचा ‘शीप’ सॅक्सन राहिला आणि ताटात वाढलेल्या मांसाचा ‘मटन’ फ्रेंच झाला, हे वॉल्टर स्कॉटने १८१९च्या कादंबरीत लोकप्रिय केलेले उदाहरण जरा जास्तच नीटस आहे. मांसाच्या शब्दांची इतकी काटेकोर वाटणी व्हायला पुढे बराच काळ लागला. पण दिशा खरी आहे, आणि भोरच्या खानावळीतले ‘मटण’ त्याच फ्रेंच शब्दाचे दूरचे वंशज आहे. शब्दांच्या या लोंढ्यापेक्षा मोठा धोका वेगळाच होता: इंग्रजीत कामाचे काही लिहिले जाणेच जवळपास थांबले. आल्फ्रेड राजाच्या काळात, नवव्या शतकाच्या अखेरीस, सुरू झालेला ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ हा वर्षवार नोंदींचा ग्रंथ वेगवेगळ्या मठांत चालू होता. त्यातली सर्वांत शेवटपर्यंत टिकलेली पीटरबरोची प्रत ११५४च्या नोंदीशी थांबते. त्या शेवटच्या नोंदींत प्रत्यय गळून पडलेले आहेत, वाक्यरचना सैल झाली आहे, लिहिणाऱ्याला जुने वळण धड आठवत नाही. भाषा बोलण्यात जिवंत होती, लेखणीतून सुटत चालली होती.

आता सह्याद्रीकडे येऊ. देवगिरीवर अलाउद्दीन खिलजीची स्वारी १२९६ची, बहमनी राज्य १३४७चे; तेव्हापासून शिवकाळापर्यंत तीनशे वर्षे वरची सत्ता फारसी लिहिणारी. रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ या खोऱ्यांवर आदिलशाही अंमल होता आणि शब्द लोंढ्याने आले: जमीन, वसूल, किल्ला, फौज, फिर्याद, वकील, कैद, हुकूम. पण इथे एक मोलाचा फरक पडला. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही स्थानिक वतनदारी आदिलशहाने मोडली नाही. त्याला सारा गोळा करायचा होता आणि तो गोळा करून देणारे हेच लोक होते. इब्राहिम आदिलशहा पहिला याने हिशेबाचे दप्तर फारसीतून काढून इथल्या भाषेत, ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. त्यामुळे इंग्लंडमध्ये जी खालची लेखणी थांबली ती इथे चालूच राहिली. त्या काळातले पत्र उघडले तर मायना फारसी, ‘मशहुरुल अनाम’सारखा; तारीख सुहूर सनाची, तीही अरबी अंकवाचक शब्दांत, हजाराला ‘अलफ’; आणि खाली मजकूर सुरू झाला की क्रियापद मराठी, विभक्ती मराठी, ‘याने त्यास अमुक दिले, सबब तमुक करावे’ ही चाल मराठी. कारकुनाने वरच्याला सलाम फारसीत केला आणि व्यवहार आपल्या भाषेत लिहिला.

याचा सर्वांत चांगला नमुना भोर तालुक्यातच निपजला आहे. कारीचे कान्होजी जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख, शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळातले त्यांचे मोठे आधार. या घराण्याच्या दप्तरात एक शकावली सापडली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. शके १५४० ते १६१९, म्हणजे १६१८ ते १६९७ या काळातल्या घटना तिच्यात वर्षवार टिपल्या आहेत: संवत्सर, मास, तिथी आणि मग एक-दोन ओळींत घटना. कोण जन्मले, कोण पडले, कोणता गड कोणाला गेला. अलंकार नाही, कोणावर शेरा नाही. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०चा, हे मत पुढे बळकट झाले त्यात या शकावलीचा वाटा मोठा आहे. आता तिच्या शेजारी ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ ठेवा. तीच वर्षवार मांडणी, तीच कोरडी ओळ: ७९३मध्ये आकाशात अग्निसर्प दिसले आणि मग समुद्री लुटारूंनी लिंडिसफार्नचा मठ उद्ध्वस्त केला, १०६६मध्ये धूमकेतू दिसला आणि मग राजा पडला. दोन्ही लिखाणांत साहित्यगुण शोधायला जाणारा निराश होईल. त्यांचे मोल असे, की राजभाषेतले विद्वान जवळ असूनही कोणाला तरी वाटले, ही नोंद आपल्या बोलीत ठेवावी. जेधे शकावलीत फारसी शब्द भरपूर आहेत. त्या शब्दांमुळे तिला फारसी दस्तऐवज म्हणायला कोणी धजणार नाही.

गावांची नावे हा दुसरा पुरावा, आणि तो कागदापेक्षा टिकाऊ. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅममधला ‘हॅम’ सॅक्सनांचा, वस्तीच्या अर्थाचा; मँचेस्टर, विंचेस्टरमधला ‘चेस्टर’ रोमन छावणीच्या लॅटिन शब्दाचा; डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबीमधला ‘बी’ डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या व्हायकिंगांचा, गाव या अर्थाचा. लेस्टरशायरमध्ये अ‍ॅशबी मॅग्ना आणि अ‍ॅशबी पार्व्हा अशी जोडगावे आहेत. ‘बी’ व्हायकिंगांचा, आणि थोरले कोणते, धाकटे कोणते हे ओळखायला नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाने जोडलेली ‘मॅग्ना’, ‘पार्व्हा’ ही लॅटिन शेपटे. आपल्याकडे भोर तालुक्यात महुडे बुद्रुक आणि महुडे खुर्द आहेत, पलीकडे वेल्हे बुद्रुक आहे. बुद्रुक म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’, थोरले. खुर्द म्हणजे धाकटे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन मुलखांतल्या कारकुनांनी एकच अडचण एकाच रीतीने सोडवली: गावाचे नाव लोकांचे, आणि दप्तराच्या सोयीचे विशेषण दप्तराच्या भाषेतले. डोंबिवली, कांदिवलीसारख्या नावांतला ‘वली’ अभ्यासक ‘पल्ली’ या दक्षिणेकडच्या शब्दाशी जोडतात. भोंगवलीच्या नावाचे वळण तसेच दिसते. म्हणजे फारसीच्या किती तरी आधी इथे आणखी एका भाषेची ये-जा होती.

यावर पहिला आक्षेप कोशाच्या आकड्यांचा. इंग्रजी शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द फ्रेंच आणि लॅटिन वंशाचे आहेत. मग तिला सॅक्सनांची लेक कशाला म्हणायचे? कारण कोशातला प्रत्येक शब्द एकदाच मोजला जातो, बोलण्यात तसे नसते. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरले जाणारे शंभर शब्द घेतले तर ते जवळजवळ सगळे जुन्या इंग्रजीतले निघतात. सर्वनामे, साहाय्यक क्रियापदे, शब्दयोगी अव्यये, होकार-नकार, आई-बाप, खाणे-पिणे-झोपणे. फ्रेंच शब्द काढून टाकले तर इंग्रजी दरिद्री होईल, पण बोलता येईल; सॅक्सन शब्द काढले तर एक वाक्य उभे राहणार नाही. मावळातल्या भातशेतीकडे पाहा. खाचर, राब, तरवा, चिखलणी, आवणी, नांगर, कापणी, मळणी हे शब्द देशी. पीक घरात आले आणि सरकारशी संबंध आला की जमीन, वसूल, हप्ता, तहसीलदार सुरू होतात, आणि सोसायटीच्या पायरीवर कर्जाचे ‘लोन’ होते. बांधापासून कचेरीपर्यंतच्या त्या वाटेवर राजवटींचा क्रम उलगडतो, पण ‘जमिनीचा’, ‘हप्त्याने’, ‘तहसीलदाराकडे’ हे सारे सामान्यरूप घेऊन मराठीच्या शिस्तीतच चालतात. शिवाय जुन्या-नव्याची जोडी बांधायची दोन्ही भाषांची सवयही एकच. इंग्रजी वकील ‘विल अँड टेस्टामेंट’ लिहितो, त्यात एक शब्द सॅक्सन आणि दुसरा लॅटिन. आपण कागदपत्र, धनदौलत, लाजशरम, रीतिरिवाज म्हणतो, त्यांत एक आपला आणि एक आलेला.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. शब्द इतके निरुपद्रवी असतील तर शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ का करवून घेतला? रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कोशात कारभारातल्या फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव झाला. भोरला तर यातला शेवटचा बदल चांगलाच ओळखीचा असावा: शंकराजी नारायण यांच्या घराण्याकडे सचिवपद आले आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत भोरचे अधिपती ‘पंतसचिव’च म्हणवले गेले. इतिहाससंशोधक राजवाड्यांनीही तीन पत्रांतले शब्द मोजून दाखवले होते की १६२८च्या पत्रात फारसी शब्दांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के, १६७७च्या पत्रात ३८ टक्क्यांच्या आसपास आणि १७२८च्या पत्रात जेमतेम ६ टक्के. तीन पत्रांवरून साऱ्या भाषेचा निकाल लावू नये, आणि छोट्या सरकारी पत्रात फारसी मायन्यानेच निम्मी जागा अडते हेही लक्षात ठेवावे; तरी सत्ता बदलली की शब्दांचा ओढा बदलतो हे मान्य केले पाहिजे. मान्य करूनही माझे म्हणणे तसेच राहते, कारण १६२८च्या त्या पत्रातही वाक्य मराठी होते. महाराजांचा हेतू राज्याच्या प्रतिष्ठेचा होता. स्वतंत्र सिंहासनाला विजापूरच्या पदव्या शोभत नव्हत्या. शेतकऱ्याच्या तोंडून ‘जमीन’ काढून घेण्याचा तो खटाटोप नव्हता.

आणि कोणते नवे नाव रुजते, कोणते नाही, याचा धडा भोर-वेल्ह्याचे तीन किल्ले देतात. मुरुंबदेवाच्या डोंगराचा ‘राजगड’ झाला आणि जुने नाव अभ्यासकांपुरते उरले, कारण महाराजांनी तो गड नव्याने बांधला, तिथे राजधानी ठेवली, माणसे तिथे वर्षानुवर्षे राबली. आज वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णयही त्याच नावावर झाला. तोरण्याचा ‘प्रचंडगड’ आणि रोहिड्याचा ‘विचित्रगड’ हीही त्याच काळातली नावे. पण खाली गावात विचारा, वाट तोरण्याची आणि रोहिड्याचीच सांगितली जाते. नवे काम उभे राहिले तिथे नवा शब्द टिकला; नुसती पाटी बदलली तिथे टिकला नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीचाही हिशेब असाच निघतो. ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द रुळले, कारण पालिका, शाळा आणि वर्तमानपत्रे ते रोज वापरू लागली. इंग्लंडमध्ये विल्यम बार्न्स या डॉर्सेटच्या कवीने एकोणिसाव्या शतकात बॉटनीऐवजी ‘वर्टलोअर’ असा शुद्ध सॅक्सन शब्द सुचवला, तो कोणी उचलला नाही. पण १८४६मध्ये विल्यम थॉम्सने घडवलेला ‘फोकलोअर’ जगभर गेला, कारण त्या नावाचे काम तेव्हा नुकतेच सुरू होत होते.

तिसरी हरकत व्याकरणाकडून येते. परक्या भाषेने सांगाड्याला हात लावला नाही, हे सोळा आणे खरे नाही. व्हायकिंग लोक इंग्रजांचे शेजारी होऊन राहिले, त्यांच्यात लग्ने लागली, आणि ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामेच इंग्रजीने त्यांच्याकडून घेतली. सर्वनाम उसने घेणे ही भाषेच्या इतिहासात सहसा न घडणारी गोष्ट. मराठीतही ‘तो म्हणाला की’मधला ‘की’ फारसीचा मानतात, ‘भांडखोर’मधला ‘खोर’ फारसी, ‘बेडौल’मधला ‘बे’ही फारसी. पण यातून उलट माझाच मुद्दा पक्का होतो. फ्रेंच शब्द संख्येने कितीतरी अधिक असूनही फ्रेंचला इंग्रजीचे सर्वनाम बदलता आले नाही; जे मोजक्या शेजाऱ्यांना जमले ते राजाला जमले नाही. फारसीचे तुकडे मराठीत जिथे खोल रुतले तिथेही ते मराठी धातूला आणि नामाला चिकटून राहिले. भांडण आपलेच राहिले.

‘इंग्रजीला पुढे साम्राज्य मिळाले, मराठीला कुठे मिळाले?’ असे म्हणून ही तुलनाच मोडीत काढणारे भेटतात. त्यांनी तारखा पाहाव्यात. साम्राज्य सतराव्या शतकानंतरचे. इंग्रजी सावरली ती त्याच्या तीनशे वर्षे आधी, तिच्यामागे कोणी नसताना. १२०४मध्ये फ्रान्समधली नॉर्मंडी हातची गेल्यावर सरदारांचे फ्रान्सशी नाते तुटू लागले. १३४८-४९च्या प्लेगने मजुरांची किंमत वाढवली. १३६२मध्ये कायदा झाला की न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा, कारण लोकांना फ्रेंच समजत नाही. तो कायदा स्वतः फ्रेंचमध्येच लिहिलेला होता, हा सरकारी खाक्या ओळखीचा वाटेल. आणि शाळा बदलल्या. जॉन ट्रेव्हिसा हा लेखक १३८५ साली नोंदवतो की पूर्वी मुलांना आपली भाषा सोडून फ्रेंचमधून धडे घ्यावे लागत, जॉन कॉर्नवॉल नावाच्या शिक्षकाने ती रीत मोडली आणि आता सगळ्या ग्रामर शाळांत मुले इंग्रजीतून शिकतात. त्याच्या पाचशे वर्षे आधी आल्फ्रेडने हेच ठरवले होते: ऐपत असलेल्या स्वतंत्र घरांतल्या मुलांनी आधी इंग्रजी नीट वाचायला शिकावे, ज्यांना पुढे जायचे त्यांनी मग लॅटिन शिकावे. त्याने लॅटिनला हाकलले नाही, फक्त क्रम लावला.

म्हणून मराठीत इंग्रजी शब्द किती घुसले यावर चालणारी चर्चा मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. भोंगवलीचा शेतकरी ‘मोटर चालू कर, लाइट आली’ म्हणतो तेव्हा तो मराठीच बोलतो, जसा त्याचा पूर्वज ‘किल्ल्याचा हुकूम आला’ म्हणताना बोलत होता. खरी काळजी ती, जी पीटरबरोच्या शेवटच्या नोंदींत दिसते: बोलण्यात भाषा राहते आणि हिशेब, विज्ञान, न्याय, अभ्यास यांची लेखणी तिच्यातून निघून जाते. नॉर्मनांची फ्रेंच शाळा मूठभर मुलांपुरती होती, आदिलशाहीची फारसी कारकुनांपुरती. आजची इंग्रजी माध्यमाची शाळा तालुक्याच्या गावातून वाडीवस्तीवर गाडी पाठवते आणि पहिलीच्या मुलाला घेऊन जाते. इंग्रजी शिकू नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आल्फ्रेडही लॅटिन शिकवतच होता. पण क्रम उलटा लागला आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ला मिळालेला अभिजात भाषेचा दर्जा तो आपोआप सरळ करणार नाही.

तोवर एक काम मात्र भोर-वेल्ह्यातल्या जुन्या घरांना लगेच करता येण्यासारखे आहे. ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतले सर्वांत मोठे काव्य एकाच हस्तलिखिताच्या रूपाने उरले आहे, आणि तेही १७३१च्या आगीत कडांनी होरपळले. ते वाचले नसते तर असे काही होते हेही जगाला कळले नसते. जेधे शकावली टिकली ती घराण्याने कागद जपले म्हणून. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांच्या कित्येक घरांत माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल आजही बांधलेले असतील. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत घालू नका किंवा नदीत सोडू नका. पुण्यात १९१०पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मोडी वाचणारे लोक आहेत. मूळ कागद घरातच ठेवा, हवे तर फक्त छायाचित्रे द्या, पण एकदा ते वाचून घ्या.